ट्रेनिंगनं धंदा वाढला का?

सर्व्हेच्या कामाचं असं असतं, की फॉर्म ऑफिसात जमा होतात. पण फॉर्मच्या चौकटीत न मावलेलं सगळं आपल्याबरोबर घरी येतं! अंबाजोगाईला छोट्या व्यावसायिकांसाठी चार दिवसांचं लीडरशिप ट्रेनिंग झालं होतं. वर्षभरानं आम्हाला पाठवलं. धंदा वाढला का, कामगार जास्त काम करतात का, विचारून या!

चौसाळ्याच्या हॉटेलवाल्या अण्णांना पहिलाच प्रश्न टाकला, "काय शिकलात?"

"समोरच्याचं ऐकून घ्यायचं!" अण्णा म्हणाले. आणि तिथून जे सुरू झाले, ते तासभर. मला दुसरा प्रश्न काही विचारता आला नाही!

*

'कामगारांचं कौतुक करा' हे बेकरीवाल्या रहीमभाईंनी फार मनावर घेतलं. सकाळी भट्टीवरच्या गफूरचाचांना म्हणाले, "चाचा, तुमच्यासारखा कारागीर जिल्ह्यात न्हाई!"

चाचांचं तोंडच उतरलं. दुपारी डबा न उघडता हात जोडून उभे. "मालक, काढून टाकायचं असंल तर सरळ सांगा!"

"मग?" मी विचारलं.

"मग काय! पुन्हा शिव्या चालू केल्या, तवा कुठं जेवले!"

*

वेल्डिंगवाले बापूराव 'जबाबदारी वाटून द्या' शिकून आले. माल, गिऱ्हाईक, चाव्या, सगळं कारागिराकडं सोपवलं. सहा महिन्यांत कारागिरानं समोरच स्वतःचं दुकान टाकलं.

मी चाचरतच विचारलं, "मग... धंदा वाढला का?"

"वाढला की! एकाचे दोन झाले!"

*

तुलनेसाठी ट्रेनिंगला न गेलेल्यांनाही विचारायचं होतं. नांदूरघाटचा एक टेलर मला बसूही न देता म्हणाला, "ट्रेनिंगचा लई फायदा झाला, सर!"

"पण तुम्ही तर गेलाच नव्हता!"

"मी कशाला जाऊ? शेजारचा गेलता. चार दिवस त्याची सगळी गिऱ्हाइकं माझ्याकडं!"

ऑफिसातल्या साहेबांना फोन लावला, हे कुठल्या रकान्यात लिहू? साहेबांनी फोन ठेवला.

*

केजकडचा एक पापड उद्योग. सर्टिफिकेट भिंतीवर, मालक खुर्चीत, बायको आत पीठ मळत. मागच्या हंगामात कामाच्या सगळ्या बाया ऊसतोडीला गेल्या आणि लग्नसराईची मोठी ऑर्डर अडली. उद्योग बुडायचीच वेळ आली होती. पण आठ दिवसांत गावातल्या नव्या बाया शिकवून तयार केल्या, ऑर्डर वेळेत गेली!

मी खूश. ट्रेनिंगचा असा फायदा पहिल्यांदाच दिसत होता. शेवटचा प्रश्न विचारला, "अडचणीच्या वेळी निर्णय कोण घेतं?"

"मीच!" मालक छाती काढून म्हणाले. मग आतल्या दाराकडं वळले. "व्हय ना गं?"

आतून आवाज आला, "व्हय म्हणा."