वाजवून घेतलेलं चाक

गाडी मागे घेताना आरशात बघायचं असतं, हे मला माहीत होतं. मी बघतही होतो. फक्त त्या क्षणी आरशात मी माझे विरळ होत चाललेले केस बघत होतो.

मागून ठण्‌कन आवाज आला. मग खडखडाट. मान वळवेपर्यंत शेडच्या दारातली लोखंडी घोडी आडवी झाली होती आणि तिच्यावर वाळत टांगलेली मोटारीची चाकं चारी दिशांना पांगली होती. चाकं म्हणजे नुसती चाकं, टायर नसलेली. ती चकचकीत, नक्षीदार आऱ्यांची, अलॉयची. बहुतेक बिचारी पडली तिथेच गप्प राहिली. एक मात्र उभं पडलं, समोर उताराचा रस्ता दिसताच त्याला पाय फुटले, आणि माहेरी निघालेल्या सुनेसारखं मागे न बघता ते सुटलं. रस्ता ओलांडून ते थेट समोरच्या सलूनमध्ये शिरलं. न्हाव्यानं वस्तरा वर घेतला, गिऱ्हाइकानं दोन्ही पाय वर घेतले, आणि चाक खुर्चीखालून जाऊन भिंतीला भेटलं. तिथे ते, फरशीवर पडलेल्या नाण्यासारखं, बराच वेळ स्वतःभोवती घुमलं आणि मग निजलं. अंगाला ओला लाखेचा थर होता, त्याला आता गावभरचे केस चिकटले होते.

मी शिव्या खायच्या तयारीनं गाडीतून उतरलो. शेडमधून एक बाई आल्या. पन्नाशी ओलांडलेली, अंगात नवऱ्याचा जुना शर्ट, डोळ्यांवर कारागिरांचा मोठा चष्मा, नाकावर फडकं. माझ्याकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. सलूनमध्ये गेल्या, मूल कडेवर घ्यावं तसं ते चाक कडेवर घेतलं, परत येऊन छताच्या आकड्याला टांगलं, आणि लाकडी हातोडीनं त्याला एक टिचकी मारून कान जवळ नेला. देवळातल्या घंटेसारखा लांब, स्वच्छ नाद निघाला. तो पूर्ण विरेपर्यंत बाई हलल्या नाहीत.

"वाचलं," त्या म्हणाल्या. हे चाकाला. मग माझ्या हातात पॉलिशपेपरचा तुकडा दिला. "घासा." हे मला.

संध्याकाळपर्यंत घासलं. वहिनींची आणि माझी ओळख झाली ती अशी. पुढे मी काही ना काही निमित्तानं तिथे जातच राहिलो. निमित्त संपलं की गाडीचं चाक फुटपाथला घासून आणायचो, असं माझी बायको म्हणते. त्यात तथ्य नाही. निदान पूर्ण तथ्य नाही.

त्यांना वहिनी मीच म्हणतो असं नाही, सगळी गल्ली म्हणते. शेड होती जुन्या गाड्यांच्या एका विक्रेत्याच्या आवारात, आणि तो विक्रेता त्यांचा धाकटा दीर. तो आवारभर "वहिनी, वहिनी" करत हिंडायचा, म्हणून मेकॅनिक म्हणू लागले, मग गिऱ्हाइकं, मग नातवंडं असलेला तो समोरचा न्हावीसुद्धा. वहिनी त्याला भावजी म्हणत, म्हणून तो सगळ्यांचा भावजी झाला. आणि वहिनींच्या नवऱ्याला सगळे 'अहो' म्हणत. शेडमधून दिवसभर तेवढा एकच शब्द ऐकू यायचा. त्यांचं खरं नाव काय, हे मी एकदा विचारलं तर ते स्वतःच क्षणभर अडखळले.

अहो हा माणूस सौम्य. जन्मभर पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नोकरी केली आणि कुठेही गळती होऊ दिली नाही. तोंडातून तर नाहीच. निवृत्त झाल्यावर ते शेडमध्ये दोनच कामं करत. स्टोव्हवर चहा ठेवायचा, आणि जुन्या चाकांच्या कडेला तोल साधण्यासाठी चिकटवलेली शिशाची वजनं पत्र्याच्या पट्टीनं खरवडून काढायची. धाकट्या भावावर त्यांचा फार जीव. वडील लवकर गेले, तेव्हा त्याला यांनीच वाढवलेला. भावजीनं दिवसाला रात्र म्हटलं तर अहो उठून दिवा लावतील, असं वहिनी म्हणायच्या.

वहिनींचे वडील कल्हई करत. त्यामुळे बालपण भात्यापाशी गेलेलं, आणि कान तांब्या-पितळेवर तयार झालेला. भांडं वाजवून घ्यावं, हे शहाणपण आपल्या सगळ्यांना आयांनी शिकवलेलं असतं. वहिनींनी ते जगात दिसेल त्या वस्तूला लावलं. लग्न होऊन आल्यावर काही वर्षांनी त्या दिराच्या आवारातल्या गाड्या धुऊ लागल्या. तिथे खरचटलेली, काळवंडलेली चाकं भंगारात जाताना बघितली, आणि एक घरी उचलून आणून मुलांना आंघोळ घालायच्या टबात भिजत घातलं. घरभर काजळी झाली. सासूबाईंनी विचारलं, घरात घासायला भांडी कमी पडली का? वहिनींनी शांतपणे सांगितलं, भांडी संपली म्हणूनच तर याला घेतलं. चौथ्या दिवशी त्या चाकात सासूबाईंना स्वतःचं तोंड दिसलं, आणि पुन्हा त्यांनी त्या विषयात तोंड घातलं नाही.

भंगारवाल्यांच्या ओळीत वहिनी खरेदीला निघाल्या की बघण्यासारखं असे. हातोडी पिशवीतून निघायची आणि ढिगातलं एकेक चाक ठणठणत जायचं. एक भंगारवाला कंटाळून म्हणाला, "वहिनी, चाक घ्यायला आलात की गाण्याची शिकवणी घ्यायला?"

"जे बेसूर निघेल ते तुम्हीच ठेवा," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या जोडीला शोभेल."

आणलेलं चाक आधी धुवायचं. ब्रेकची जळकी भुकटी आऱ्यांवर अशी बसलेली असते की चुलीवरचं पातेलं तिच्यापुढे नववधू. मग जुना रंग उतरवायचा. वाकलेली कड तापवून सरळ करायची. खरचटलेलं भरून घ्यायचं, घासायचं, आणखी बारीक कागदानं घासायचं, आणि आता पुरे असं वाटलं की वहिनी म्हणणार, "आता सुरुवात करा." मग अस्तर, मग रंग, मग वरची पारदर्शक लाख. पण या सगळ्याच्या आधी एक परीक्षा असे. नाद जरा जरी संशयास्पद आला तर चाकाला आतून रॉकेल लावायचं, कोरडं पुसायचं आणि वर खडूची पूड भुरभुरायची. चाक धड असेल तर पूड पांढरी राहते. तडा असेल तर त्यात दडलेलं रॉकेल हळूच वर येतं आणि पांढऱ्यावर केसाएवढी ओली रेघ उमटते. चाकाचं पोट ते, कधी तरी बोलतंच.

रेघ उमटली की वहिनी कटर घेत आणि त्या चाकाची कड सरळ कापून टाकत. पुन्हा कोणत्याही गाडीला ते लागणार नाही, अशी. पूर्वी त्या अशी चाकं एक खूण कोरून नुसती भंगारात देत. मग एकदा दुसऱ्या गावच्या व्यापाऱ्याकडून सोनेरी रंगाचं एक चाक विकायला आलं. वहिनींनी ते वाजवलं, खरवडलं, आणि खाली स्वतःच्याच हातची जुनी खूण निघाली. त्यांनीच फेकलेलं चाक कुणीतरी तडा लिंपून, रंगवून, पुन्हा त्यांच्याच दारात आणलं होतं. तेव्हापासून हा नियम. इथे चाक दिलं की निकाल वहिनींचा, हे गिऱ्हाइकाला आधी सांगितलं जाई. कुरकुरत का होईना, लोक मानत. भावजीही हसून सोडून देई. तोवर त्याचं काही अडलं नव्हतं.

मग ती लांबलचक रुपेरी गाडी आली. भावजीनं ती कुठूनशी मिळवली होती आणि एका गिऱ्हाइकाला पसंतही पाडली होती. गिऱ्हाईक भाळलं होतं ते चाकांवर. बारीक आऱ्यांची, उघडलेल्या पंख्यासारखी. कंपनीनं ती घडवणं कधीच बंद केलेलं. भावजी चारी चाकं घेऊन स्वतः शेडमध्ये आला. मी नेहमीप्रमाणे कोपऱ्यात पॉलिशपेपर घेऊन होतो.

तिघांचा नाद खणखणीत आला. चौथ्याला टिचकी मारली, तर ठप्प. ओल्या भिंतीवर थाप मारावी तसा. वहिनींनी रॉकेल लावलं, पुसलं, खडू भुरभुरला. आम्ही सगळे वाकून बघत होतो. आतल्या कडेपासून आऱ्याच्या मुळापर्यंत एक रेघ हळूहळू काळी झाली.

भावजीनं आधी लाडीगोडी लावून पाहिली. आतल्या बाजूला तर आहे, कुणाला दिसतंय? त्याच्या ओळखीत एक वेल्डर होता, वरून वहिनींचा हात फिरला की ब्रह्मदेवालाही ओळखू येणार नाही. सगळं जग असंच चालतं, हेही त्यानं सांगितलं.

"जग चालू दे," वहिनी म्हणाल्या. "हे चाक चालणार नाही."

त्या उठून कटरपाशी गेल्या, तेव्हा भावजीचा आवाज बदलला. "वहिनी, शेड माझी आहे हे विसरू नका. त्या चाकाला कटर लागला, तर उद्या तुमचं सामान बाहेर."

ती शेड म्हणजे वहिनींचं सगळं आयुष्य होतं. छताचे आकडे त्यांनी स्वतः ठोकलेले, भट्टी स्वतः बांधलेली. मी डोळ्यांनी त्यांना खुणावलं, जाऊ द्या, उद्या बघू. वहिनींनी चष्मा डोळ्यांवर ओढला.

"अहो, जरा धरा."

एकट्यानं चाक धरून कापता येत नाही, ते थरथरतं. धरायला कुणीतरी लागतं. मी पॉलिशपेपरात मान खुपसली. अहोंनी हातातलं चहाचं भांडं खाली ठेवलं, हात पुसले, आणि हळू चालत आले. भावाकडे त्यांनी बघितलं नाही. खाली बसले, चाकावर गुडघा रोवला आणि दोन्ही हातांनी कड घट्ट धरली. कटर किंचाळला. ठिणग्या भावजीच्या बुटांपर्यंत गेल्या. एक तुकडा कापलेल्या फोडीसारखा बाजूला पडला.

"बाकीची तिन्ही उत्तम आहेत," वहिनी कटर बंद करत म्हणाल्या. "चौथं मी शोधून देते. थोडा वेळ लागेल."

"गिऱ्हाईक थांबणार नाही."

"मग जाऊ दे. जिवंत तर जाईल."

दुसऱ्या दिवशी सामान निघालं. हातगाडीवर भट्टीच्या विटा, आकडे, डबे. न्हाव्यानं दुकान बंद करून मदत केली. मेकॅनिक भावजीसमोरूनच चाकं वाहत होते, आणि भावजी पाठमोरा उभा राहून, जिचा सौदा आता होणार नाही अशा त्या रुपेरी गाडीची काच पुसत होता.

तेव्हापासून कारखाना घरात आहे. बैठकीच्या खोलीतला सोफा भिंतीला सरकलाय, त्यावर अहो वजनं खरवडत बसतात. पडद्यांच्या दांडीला पडद्यांऐवजी चाकं लटकतात. भट्टी मागच्या अंगणात. वाळणारी चाकं न्हाणीघरात, त्यामुळे आंघोळीला जायचं तर आधी चाकांची परवानगी. शेजारीण आवाजाची तक्रार करायला आली होती. वहिनींनी तिचं सगळं ऐकून घेतलं, आणि ती थांबल्यावर म्हणाल्या, बरोबर आहे तुमचं, आवाज होतोच. दुपारी झोपायच्या वेळी बंद ठेवीन, बाकीचा सहन करा. शेजारणीनं सहन केलं. पुढच्या आठवड्यात तिनं जावयाची चाकं आणून दिली.

गिऱ्हाइकं वहिनींच्या मागोमाग आली. भावजीच्या आवारातल्या गाड्यांना मात्र अवकळा आली. त्यानं दुसरा कारागीर ठेवला, त्याचा रंग पहिल्याच धुण्यात कांद्याच्या सालीसारखा निघाला. मग एक दिवस भावजीनं मला चहाला बोलावलं. मी दोन्हीकडे चहा पितो, हे त्याला माहीत होतं. इकडचं तिकडचं बरंच बोलून तो मुद्द्यावर आला. दादाचे गुडघे कसे आहेत, असं त्यानं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता बाहेर बघत राहिला. शेड तशीच रिकामी होती. तिथे नवे दिवे लावून देतो म्हणाला, पंखा लावतो म्हणाला. माफीबिफी कुणी मागायची नाही. फक्त एक, तडा गेलेलं चाक कापायचं नाही. नुसतं बाजूला ठेवायचं, पुढचं तो बघेल.

मला हे अगदी रास्त वाटलं. समोरच्यानं मांडलेली प्रत्येक अट मला रास्त वाटते. माझा संसारच त्यावर उभा आहे.

तसाच वहिनींकडे गेलो. त्या न्हाणीघराच्या उंबऱ्याशी कोपरापर्यंत काळ्या पाण्यात होत्या. मी निरोप सांगितला. पदरचंही घातलं: घरात दाटी होते, कंबर किती दिवस साथ देणार, अहोंचे गुडघे, दोन भाऊ असे तोंड फिरवून बसणं बरं दिसत नाही. सोफ्यावर अहोंची पट्टी थांबली. खरवडलेलं एक वजन ते बराच वेळ बोटांत फिरवत राहिले. मी हेरलं, आणि शेवटची अट शक्य तितक्या हळू आवाजात, किरकोळ असल्यासारखी, सांगून टाकली.

वहिनींनी धुतलेलं चाक दांडीला टांगलं. हातोडीची टिचकी मारली. नाद विरेपर्यंत ऐकला. अहोंकडे एकदा बघितलं. अहोंनी मान खाली घालून पुन्हा खरवडायला सुरुवात केली होती. मग हात पुसत त्या मला म्हणाल्या,

"येते म्हणावं, कटर घेऊन."