परिषदेतली शाल

दोन हजार तेवीस साल. मी तेव्हा सत्तरीचा, शाळेच्या दाखल्यावर अडुसष्टचा. रत्नागिरीतल्या एका हॉटेलात विमानवाल्यांची परिषद होती. स्टेजवर बोलावून माझ्या खांद्यावर शाल घातली. हातात नारळ दिला. फोटो काढला. खाली उतरलो तर पायरीशी एक बाई उभी. गळ्यात ओळखपत्र, तोंडभर हसू.

"आजोबा, शाल द्या हं. पुढच्यांना घालायची आहे."

मला वाटलं मस्करी करते. मी हसलो. तिने शालीचं टोक धरलं आणि ओढली. नारळ हातात राहिला. मग ती बोलली, "तोपण." तोपण दिला.

पुढचे म्हणजे आमच्या गावच्या खोतांचे नातू. सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळाच्या माळावर, त्यांची जमीन मोठी, माझी बापसाने घेतलेली बारकीशी. दोन्ही एकाच कंपनीने घेतल्या. शाल समोर आली तशी त्यांनी मान जरा मागे घेतली. हसतच बोलले, "ही नको हो. जरा नवी बघा."

आणि नवी निघाली. स्टेजमागच्या पिशवीतून, कोऱ्या प्लास्टिकमधून. म्हणजे होती.

त्यांनी जातीचा शब्द काढला नाही. गरजच नव्हती. हॉलमध्ये दुसऱ्या कोणाला कळलंही नसेल. त्यांना कळलं, मला कळलं. माझ्या अंगावरची शाल त्या बाईच्या हातावर लोंबत होती, ओल्या टॉवेलसारखी.

मला राग आला नाही. खोटं कशाला सांगू. काहीच झालं नाही. जाऊन खुर्चीत बसलो. एसी होता. पडद्यावर विमानं चढत होती, उतरत होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीपण वाजवल्या. हाताला हात लागल्याचं कळत नव्हतं.

आता मी तिथे गेलो कशाला, ते सांगतो.

आमच्या सड्यावर त्या कंपनीने धावपट्टी केली. मोठ्या घरची मुलं तिथे विमान चालवायला शिकणार. चहूकडून तारेचं कुंपण. त्या कुंपणात आमच्या बौद्धवाडीची पाखाडी अडकली. पाखाडी म्हणजे चिऱ्यांची पायवाट. माझ्या बापसाने आणि वाडीतल्या माणसांनी खाणीतले चिरे डोक्यावरून आणून घातलेली. ती सडा ओलांडून खाली आमच्या स्मशानात जाते. दुसरी वाट डांबरी, पार गावाला वळसा घालून.

माझी बायको गेली तेव्हा कुंपण नवीन होतं. गेट उघडलंनी नाही. तिला टेंपोतून नेली. चिरे वाहायच्या टेंपोतून. प्रत्येक वळणावर तिरडी घसरायची. मी हाताने धरून बसलो होतो. आमच्यात माणूस खांद्यावरून जातो. जन्मभर माझ्याबरोबर खाणीत राबलेली बाई ती. खांदे होते, अख्खी वाडी होती. वाट नव्हती.

कंपनीचा एक साहेब होता. तरुण, गोड बोलायचा. "बाबा, परिषदेला चला. तिथे मोठी माणसं येतात. दोन मिनिटं बोला, वाट सुटेल." म्हणून गेलो. पहिल्यांदा मुंबईला. भूमिपुत्र म्हणून उभा केलंनी, फुलं दिलंनी, वेळ संपली. दुसऱ्यांदा पुण्याला. प्लास्टिकचं विमान मिळालं, वेळ संपली. घरी आलो की सून विचारायची, "मामा, बोलायला दिलनी काय?"

"पुढल्या खेपेला," मी बोलायचो.

ते विमान तिने टीव्हीवर ठेवलंय. एकदा पुसता पुसता बोलली, "ह्यात बसून तरी मसणात जाता येईल काय हो मामा?" दोघंही हसलो.

रत्नागिरीची ही तिसरी. शाल घातली तेव्हा मला बरं वाटलं होतं, तेही लपवत नाही. आमच्या वाडीत मानाची शाल कोणी पांघरत नाही. पेटीत ठेवतात. माणूस गेला की तीच अंगावर घालून नेतात. स्टेजवर उभा असताना मी मनात बोललो, चला, माझी सोय झाली.

तीच ओढून घेतली.

जेवणाच्या वेळी साहेब मला शोधत आला. हातात शाल. तीच, घडी केलेली.

"बाबा, मघाचा फोटो हलला. पाहुणे थांबलेत. पटकन घाला, एक काढू."

मी ताट खाली ठेवलं. "नाय."

"अहो, एक मिनिट लागेल."

"नाय घालणार."

तो हसला. मग जवळ येऊन हळू बोलला, "बाबा, असं केलंत तर तुमच्या वाटेचं कसं व्हायचं?"

तेव्हा मी त्याच्याकडे नीट बघितलं. तीन परिषदा केल्या मी. तीन वेळा धुतलेला सदरा घालून गेलो. काय मागायला? माझ्या बापसाने डोक्यावरून आणलेले चिरे. कोणाकडे? ज्यांनी अडवले त्यांच्याकडेच.

"वाट तुमची नाय," मी बोललो. "तुमच्याकडे मागितली, तीच चूक झाली. आता नाय मागणार."

"मग काय करणार?" त्याने विचारलं. त्याला मजा वाटत होती.

मी हात धुतले. एसटी धरून घरी आलो. सुनेने दारातच विचारलं, "मामा, दिलनी बोलायला?"

"नाय दिलनी. तरी बोललो."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेतला. कोयती घेतली. मुलाच्या हत्यारांतली तार कापायची पक्कड घेतली. पाऊस सरला की वाडीतले आम्ही सगळे मिळून पाखाडी साफ करायचो. कुंपण पडल्यापासून कोणी हात लावला नव्हता. घाणेरी माजलेली, करवंदीच्या जाळ्या वाटेवर आलेल्या. तोडत तोडत वर गेलो. खाली चिरे तसेच होते. एकही हलला नव्हता. तारेशी पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं.

रखवालदार धावत आला. शेजारच्या वाडीतला, ओळखीचा. "तात्या, काय करताय हे? माझी नोकरी जाईल!"

"तू साहेबाला फोन लाव. तुझं काम तू कर. मी पळत नाय."

"अहो पण किती तोडणार?"

मी कुंपणासमोर दोन्ही हात पसरून माप घेतलं.

"चार माणसं मला खांद्यावर घेऊन निघतील एवढं."

तो फोन लावायला वळला. मी खालची तार धरली आणि कापली. मग वरची.