आधी नंबरप्लेट

महाराष्ट्र-गुजरात सीमेवर अच्छाडच्या नाक्यावरचा पंक्चरवाला आधी गाडीची नंबरप्लेट वाचायचा, मगच तोंड उघडायचा. गुजरातची गाडी असली की गुजराती, दिल्लीची असली की हिंदी आणि वर 'साब'. मी विद्यापीठात भाषा आणि संस्कृती शिकत होतो. त्याच्यावरच प्रकल्प करणार होतो. पण मोबाईलवर रेकॉर्डिंग लावलं की हा मुद्दाम बातम्या दिल्यासारखं मराठी बोलायचा.

अभ्यासाचं एक वर्ष जर्मनीत काढून परतलो आणि स्कूटर घेऊन त्याच्याकडे गेलो. त्याने हवा भरली, मी 'थँक्यू' म्हणालो. त्याने टोपण लावलं, मी पुन्हा 'थँक्यू'. तो उठला, माझ्या मागे गेला आणि वाकून माझी पाठ न्याहाळू लागला.

"काय बघतोस रे?"

"नंबर बघतो तुझा. आता कुठल्या भाषेत बोलायचं तुझ्याशी?"