आठला समुद्र, एकला बेट

“साहेब, हितं समुद्रात पानी न्हाई.”

शनिवारी सकाळी सव्वाआठला नगरजवळच्या भिंगारला माझ्या सहलींच्या ऑफिसात हा फोन आला. बोलत होते बाळासाहेब, कर्जत तालुक्यातले बागायतदार. घरची अकरा माणसं घेऊन ते आदल्या संध्याकाळी कोकणातल्या एका कॉटेजवर उतरले होते. बुकिंग माझं. त्यांच्या आईचा, म्हणजे आक्कांचा, सत्तरी उलटली तरी समुद्र बघायचा राहिला होता. सगळी सहल त्यांच्यासाठीच होती.

“पाणी नाही म्हणजे?”

“समदा चिखुल हाय. पानी पार लांब, नुसती रेघ दिसती. आक्का म्हनती, यापरीस आपली भीमा बरी.”

दुष्काळी कर्जतहून पाणी नसल्याची तक्रार येणं मला नवीन नव्हतं. समुद्राबद्दल मात्र पहिलीच.

“तुमचं लोकेशन चुकलंय,” मी ठणकावून सांगितलं. ठणकावून सांगणं हा आमच्या धंद्याचा अर्धा भाग आहे.

वीस वर्षं मी देवदर्शनाच्या सहली काढल्या. त्या कामात आयटिनररी पक्की लागते. आयटिनररी म्हणजे किती वाजता काय बघायचं त्याचा कागद. काकडआरती पाचला म्हणजे पाचला, दुपारी दार बंद म्हणजे बंद. एकदा वेळा टिपून आणल्या की दोन-तीन वर्षं बघायला नको. यंदा लोक समुद्र मागू लागले, म्हणून मी हे कॉटेज शोधलं आणि या फोनच्या अकरा दिवस आधी स्वतः जाऊन रेकी, म्हणजे पाहणी, केली. सकाळी आठला समुद्रात डुंबलो. दुपारी एकला समोरच्या बेटावरच्या देवळात कोरड्या पायांनी चालत गेलो. घड्याळ बघून दोन्ही वेळा लिहून घेतल्या. परत आल्यावर त्याचा रंगीत तक्ता केला, वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानाएवढा, आणि लॅमिनेट करून घेतला. आठ वाजता समुद्रस्नान. एक वाजता बेट. सगळ्या सीझनसाठी. एक कॉपी बाळासाहेबांच्या हातात दिली. त्या तक्त्याचा मला फार अभिमान होता, हे कबूल करतो.

लोकेशन बरोबर निघालं. मग मी कॉटेजवाल्या काकूंना मनातल्या मनात दोष दिला. का दिला ते आठवत नाही, पण कुणाला तरी द्यायचा होता.

“साहेब,” बाळासाहेब म्हणाले, “समूर देऊळ दिसतंय. लोकं वाळूवरनं चालत निगाल्यात. आमीबी जाऊन येतो आत्ताच.”

“अजिबात नाही. ते एक वाजता आहे. कागदाप्रमाणे चला, नाहीतर पुढचं सगळं कोलमडेल.”

“बरं,” ते म्हणाले. भला माणूस. माझं ऐकलं.

पावणेएकला मी काकूंना फोन लावला. तक्रारच करायची होती.

“काकू, तुमच्या समुद्राला सकाळी पाणी नव्हतं म्हणे. आमचे पाहुणे नाराज आहेत.”

“अहो, ओहोटी होती,” त्या शांतपणे म्हणाल्या. “आता भरती लागलीय. चारपर्यंत भरेल.”

“पण मी आलो तेव्हा सकाळी आठला पाणी होतं.”

“तेव्हा असेल. वेळ रोज पाऊण तासानं पुढे सरकते. नगरला कुणी सांगितलं नाही का तुम्हाला?”

भरती-ओहोटी मी चौथीत शिकलो होतो. चंद्राची आकृतीही काढली होती, वहीवर शेरा चांगला होता. पण ती रोज सरकते हे डोक्यात शिरलंच नव्हतं. समुद्राला मी देवळाच्या रांगेत बसवलं होतं.

“काकू, एक वाजता बेटावर चालत गेलं तर?”

“जाताना पाणी घोट्याएवढं. येताना गळ्याच्या वर. का हो?”

मी काय लिहून दिलंय ते सांगितलं. पलीकडून पायात चपला सरकवल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

मी बाळासाहेबांना फोन लावला. आउट ऑफ कव्हरेज. पुन्हा लावला. सात वेळा लावला. अकरा माणसं, त्यांत चार लहान मुलं. सकाळी ती सुखरूप जाऊन आली असती, मीच अडवली होती. समोर टेबलावर तक्त्याची दुसरी कॉपी चकाकत होती. ती मी पालथी घातली. मला फार भीती वाटली.

एक वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला.

“साहेब, तुमचं देऊळ ऱ्हायलं बगा,” बाळासाहेब म्हणाले. “आमी निगालो हुतो. पोरं पान्यात शिरलीबी. तर आक्का आडवी आली. म्हनली, थांबा. पान्याच्या कडंला तिनं काठी रोवली. धा मिन्टात काठी चार बोटं पान्यात गेली. म्हनली, चडतं पानी हाय, माघारी फिरा. भीमंला पूर आला की आमच्यात असंच बगत्यात. म्या म्हनलं, आक्का, कागदावर एक वाजता लिवलंय. तर म्हनली, कागद पान्याला दावला का?”

“आता कुठे आहात?”

“हितंच, काठावर. काकूबी आल्यात पळत. पानी आपसूक पायापाशी आलंय, पोरं डुंबत्यात. आक्का बसलीय पान्यात पाय सोडून. उठंनाच झालीय.”

मी फोन ठेवला.

पुढच्या आठवड्यात बाळासाहेब आक्कांना घेऊन ऑफिसात आले. मी माफी मागितली. आक्कांनी ती ऐकून घेतली की नाही कळलं नाही. त्यांनी पिशवीतून तक्ता काढून टेबलावर ठेवला. कडेला अजून वाळू होती.

“कागद लई कामाचा हाय,” त्या म्हणाल्या. “वाळू वली हुती. त्याच्यावर बसले मी. लुगडं जराबी भिजलं न्हाई.”

आता समुद्राच्या आयटिनररीत मी वेळेचा रकाना रिकामा ठेवतो. आदल्या दिवशी काकूंना फोन करतो, त्या सांगतात ते पेनानं लिहितो. खाली एक ओळ छापलेली असते: पाण्यात शिरण्याआधी काठी रोवून बघा. लॅमिनेशन मात्र बंद केलेलं नाही. बसायला बरं पडतं.