आत्याचं इंजिन, आमची गाडी

आमच्या घरी एक इटालियन गाडी आहे असं सांगितलं की समोरचा आधी माझ्याकडे बघतो, मग आमच्या दिंद्रुडच्या रस्त्याकडे बघतो आणि हसतो. हसू दे. लाल, ठेंगणी, दोनच माणसांची, स्टिअरिंग डाव्या हाताला. त्या जातीच्या गाड्या अख्ख्या देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतील, आणि त्यातली एक आमच्या सरकीच्या गोदामात धूळ खात उभी होती.

ती आणली आजोबांनी. आजोबा कापडाचे व्यापारी. हैदराबादला माल आणायला गेले आणि तिथल्या एका जहागीरदाराच्या वारसांनी विकायला काढलेली ही गाडी बघून त्यांचं डोकं फिरलं. कापड आणलंच नाही. आजीनं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "ह्याच्यात एक पोतं तरी बसतंय का?" बसत नव्हतं.

आप्पा, म्हणजे माझे वडील, तेव्हा कॉलेजातून नुकतेच घरी आलेले. त्यांनी त्या गाडीवर जीव टाकला. रोज सकाळी पूजा आटोपली की कपाळावरचं भस्म ओलं असतानाच बॉनेट उघडून बसायचे. आणि मग दुष्काळाचं एक वर्ष आलं. चकलांब्याला दिलेल्या माझ्या आत्याच्या विहिरीवरचं इंजिन फुटलं, विहिरीत थोडं पाणी होतं पण ते वर येईना, आणि मोसंबीची झाडं डोळ्यांदेखत वाळायला लागली. आत्या माहेरी काही बोलली नाही. मागणाऱ्यातली नाहीच ती.

नागपंचमीला सासरहून लेकीला आणायला माहेरचा माणूस जातो, त्याला आमच्याकडे मुराळी म्हणतात. मुराळी साडीचोळी घेऊन जातो. आप्पा त्या वर्षी साडीचोळी तर घेऊन गेलेच, शिवाय ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत लाल गाडीचं इंजिन घालून गेले. कुणाला विचारलं नाही, सवरलं नाही. शर्यतीत पळण्यासाठी घडवलेलं ते इंजिन रॉकेल पिऊन विहिरीचं पाणी उपसायला लागलं. मोसंबी वाचली. आजोबा मात्र आप्पांशी कितीतरी दिवस बोलले नाहीत.

पुढे गाडीत जुन्या जीपचं डिझेल इंजिन बसवलं. ते इतकं मोठं की बॉनेट लागेना, म्हणून सुतळीनं बांधलं. आवाज पिठाच्या गिरणीचा. आप्पांनी ती एकदाच चालवली आणि गोदामात लावून टाकली.

माझं माजलगावला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. मी तोंडाळ आहे, हट्टी आहे, आणि एकदा डोक्यात घेतलं की सोडत नाही, हे आमच्या गिऱ्हाइकांनाही ठाऊक आहे. काही वर्षांपूर्वी मी ठरवलं की गाडी पूर्वीसारखी करायची. बीडच्या एका चाचांनी पत्रा ठोकून ठोकून मूळ आकारावर आणला. तारांची चाकं पुण्याहून दुरुस्त होऊन आली. ट्रॅक्टरच्या गाद्या शिवणाऱ्यानं सीट शिवल्या, आणि काय शिवल्या! लाल रंगाचा शेवटचा हात बसला त्या दिवशी मी दुकान बंद ठेवून नुसती गाडीभोवती फिरत होते.

पण जुन्या गाड्यांचे जाणकार आधी दोन आकडे बघतात, एक सांगाड्यावरचा आणि एक इंजिनावरचा. कारखान्यातून जी जोडी निघाली ती शाबूत असेल तर गाडी पुरी, नाहीतर नुसता लाल पत्रा. चाचाही म्हणालेच, "सब हुआ बेटी, इंजिन किधर है?"

इंजिन कुठे आहे ते आम्हाला चांगलं माहीत होतं. मागायचं कोणी?

"मागायचं न्हाई," आप्पा म्हणाले. "बहिणीला दिलंय. माहेरनं दिलेलं परत घेत नसतेत."

"आप्पा, आता तिथं बोअर आहे, विजेची मोटार आहे. ते नुसतं पडून असेल."

"पडून ऱ्हाऊ दे."

एवढंच असतं तर मी गप्प बसले असते. पण या इंजिनापायी आप्पांनी बहिणीकडे मुराळी जाणंसुद्धा सोडलं होतं. साडी दरवर्षी दुसऱ्याच्या हाती जायची. एकदा मी फारच मागे लागले तेव्हा म्हणाले, "गेलो की माझी नजर त्या शेडकडं जाणार. आक्काला वाटंल, मागाया आला." म्हातारा माणूस, गाडीवर जीव, बहिणीवर त्याहून जास्त, आणि दोन्हीकडून उपाशी. मला राग आला, खूप राग आला, आणि आप्पांना न सांगता मी चकलांब्याची वाट धरली.

आत्या ओसरीवर शेंगा फोडत होती. "कशापायी आलीस ते म्हाईत हाय मला," तिनं सुरुवातच केली. "बापानं धाडली का?"

"त्यांना ठाऊकच न्हाई."

"मग तर बिलकूल देणार न्हाई. माहेरचं आलेलं परत पाठवू का मी? माहेर तोडू का?"

मी भांडले. ती माझी आत्या आहे, ती जास्त भांडली. शेवटी उठली आणि मला शेडकडे घेऊन गेली. मला वाटलं होतं गंजाचा गोळा दिसेल. दिसलं ते तेलानं चमकणारं इंजिन, वर हळदीकुंकू. मी ओढणीनं कडेचा आकडा पुसला आणि फोनमधल्या सांगाड्याच्या फोटोशी ताडून पाहिला. जोडी तीच! मी अशी ओरडले की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

आत्यानं नातवाला ट्रॅक्टरची बॅटरी जोडायला सांगितली. इंजिन दोनदा खोकलं आणि सुरू झालं. तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"पोरं भंगारात घालायला निघालती, मी आडवी पडले," आत्या ओरडून सांगत होती. "दर पंचमीला चालू करते. ह्याचा आवाज झाला की वाटतंय, आलं कुणीतरी माहेरचं. तुझा बाप तर यायचाच बंद झाला. इंजिन दिल्याचा राग धरला त्यानं."

मी इंजिन बंद करायला लावलं आणि तिला खरं कारण सांगितलं. आत्या पदरानं नाक पुसून म्हणाली, "येडा हाय लेकाचा. आईक. इंजिन माझं हाय, माझंच ऱ्हाणार. गाडीत बसवा. पण पंचमीला त्यानं मुराळी म्हणून यायचं, त्याच गाडीत. दर वर्षी."

इंजिन घरी आलं तेव्हा आप्पांनी मला आधी एकच विचारलं, "मागितलंस?" मी अट सांगितली. त्यांनी इंजिनावर हात ठेवला आणि आमच्या सगळ्यांसमोर रडले. मग लगेच पान्हा मागितला.

पंचमीच्या सकाळी आप्पा आणि मी निघालो. आप्पा चालवत होते, मी शेजारी. माणसं रस्त्याकडेला थांबून बघत होती, मोटरसायकलवाले मागे लागत होते, आणि आप्पा भस्म लावलेलं कपाळ ताठ ठेवून राजासारखे बसले होते. चकलांब्यात आत्या नवं लुगडं नेसून, पिशवी घेऊन दारातच उभी. आप्पा उतरून पाया पडले. तिनं त्यांच्या पाठीत एक धपका घातला, जोराचा, आणि माझ्याकडे वळली.

"उतर की."

गाडीत दोनच माणसं बसतात हे आमच्या कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. इतकी वर्षं मी त्या गाडीपायी राबले आणि मला तिथंच उतरवलं. आत्या बसली, पदर खोचला आणि म्हणाली, "जोरात चालव रं. बैलं जुंपलीत का काय?" वळणावरून दिसेनासे झाले तरी आवाज येत होता. मी हात हलवत रस्त्याच्या मधोमध उभी होते, आणि इतकी खूश मी कधी झालेच नव्हते.

आत्याच्या सुनेनं केलेली पुरणाची दिंडं खाऊन मी एसटीची वाट बघत बसले, तेवढ्यात आईचा दिंद्रुडहून फोन आला. ती मोठमोठ्यानं हसत होती.

"अगं, आत्ता दारावरनं गेले दोघं! मी ओवाळायचं ताट घिऊन उभी. आक्कांनी हात केला, पण थांबलेच न्हाईत!"