ओटीच्या आधी पट्टा

प्रेशरअक्काला डोहाळजेवणाचं आमंत्रण कोणी देत नसे, तरी पाटाजवळ पहिली तीच बसलेली असे. पिशवीत खण, नारळ आणि प्रेशर मोजायचं यंत्र. ओटी भरायच्या आधी ती गरोदर बाईच्या दंडाला पट्टा बांधायची. बायका कुरकुरल्या की म्हणायची, "ओटी कुठं पळून जात न्हाय." आकडा ठीक आला तर दोन लाडू खाऊन, दोन पदराला बांधून चालती व्हायची.

आमच्या पेठेत तिला नावं ठेवण्यात मी पुढं होते. एकदा तोंडावरच विचारलं, "अक्का, तुला डाक्टरकी कुणी शिकवली गं?"

"कुणी न्हाय. माझी थोरली सातव्यात सुजली. डोकं धरून बसायची. सगळ्या म्हणाल्या, तोंडावर काय तेज आलंय! त्या तेजानंच गेली. पोटातलं बी गेलं." आणि लगेच, "चहा टाक. साखर जास्त."

मी साखर जास्त टाकली.

पुढं माझ्या सुनेचं, मनीषाचं डोहाळजेवण आलं. फुलांचे दागिने, मुकुट, हातात धनुष्य. पाय सुजून पैंजण रुतलेले. विहीणबाई खुशीत होत्या. "पाय असं सुजलं म्हणजे मुलगाच!"

"मुलगा पायात असतुय व्हय?" म्हणत अक्कानं पट्टा बांधला. आकडा बघून थोड्या वेळानं पुन्हा बांधला. "पोरी, डोकं दुखतंय? डोळ्यापुढं चमकतंय?"

"सकाळपासनं. पण म्हटलं, आज कार्यक्रम हाय."

"दृष्ट लागली असंल," विहीणबाई म्हणाल्या. "जोतिबाचा गुलाल लावा."

"रिक्षात लावा," अक्का म्हणाली आणि मनीषाला उठवलंच. "ओटी तरी भरू द्या!" विहीणबाई ओरडल्या. "दवाखान्यात भरू की!" अक्का म्हणाली.

मुकुटासकट सून दवाखान्यात पोचली. नर्स म्हणाली, "नाटकातनं आणलंय काय?" डॉक्टरांना मात्र हसू आलं नाही. झटके येऊ नयेत म्हणून इंजेक्शन दिलं आणि त्याच दिवशी पोट उघडून बाळ काढलं. मूठभर मुलगी. बरेच दिवस काचेच्या पेटीत होती. आता शाळेतून आली की माझं डोकं खाते. तेव्हा दवाखान्यात मनीषा उठून बसल्यावर अक्कानं खाटेवर तिची ओटी खरंच भरली. लाडू मात्र मागून घेतले.

गेल्या वर्षी अक्का गेली. तिचा मुलगा यंत्र घेऊन माझ्याकडे आला. म्हटलं, "मला कशाला? मी चौथी शिकलेली."

"आई सांगून गेलीया. बायका तुम्हाला भितात म्हणं."

आता डोहाळजेवणाला मलाही कोणी बोलवत नाही. मी जाते.