भोंग्यावरून गुणसूत्रं

उमरग्याला उतरलो तेव्हा माझ्या पिशवीत कपड्यांपेक्षा भांडी घासायचा साबण, मीठ, गाळणी आणि स्पिरिटची बाटली यांचंच वजन जास्त होतं. केळ्यातून डीएनए काढून पोरांना दाखवायचा होता. हैदराबादकडे जाणाऱ्या ट्रकांच्या धुळीत चहा घेतला, मुरुमची एसटी धरली आणि तिथून शाळेच्या शिपायाच्या मोटारसायकलवर मागे बसलो. दोन्ही बाजूंना तुरीची शेतं, मधूनच बसलेलं मेंढरांचं खांड (कळप).

फाटकावर माझ्या फोटोचा फलक होता: 'थोर शास्त्रज्ञ'. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेला माणूस. आजवर मी शोधून काढलेली एकमेव वस्तू म्हणजे माझा चष्मा, तीही रोज. पण फलक उतरवा असं काही मी म्हणालो नाही.

मुख्याध्यापकांनी पालकांनाही बोलावलं होतं. समई वाऱ्याने विझली, पुन्हा लावली, पुन्हा विझली, मग फोटोपुरती लावली. जेवणात येसर (भाजलेल्या धान्याचं मसालेदार पीठ) घालून केलेली झणझणीत आमटी आणि भाकरी होती. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा वाढणारी बाई म्हणाली, "पाव्हणं लई मऊ हायत."

प्रयोग मात्र छान झाला. केळं कुस्करलं, साबण-मिठाचं पाणी घातलं, गाळलं, वरून गार स्पिरिट सोडलं. ग्लासात पांढरे धागे तरंगले.

"शेंबडावानी दिसतंय!" मागून एक पोरगं ओरडलं.

"तुझाही असाच दिसेल," मी म्हणालो. हशा झाला. मग सांगितलं: आपल्या बहुतेक पेशींत हे धागे असतात. घट्ट गुंडाळले की त्यांना गुणसूत्रं म्हणायचं. निम्मी आईची, निम्मी बापाची. या धाग्याचे काही तुकडे म्हणजे जनुकं, शरीर कसं घडवायचं याच्या सूचना.

इथं थांबायला हवं होतं. पण टाळ्या पडल्या, आणि टाळ्यांनी मी बिघडतो. जिभेच्या कडा वळवून पुंगळी करता येणं हे एकाच जनुकावर ठरतं, असं पूर्वी पुस्तकांत असायचं. ते खोटं ठरलेलं आहे, एकसारख्या जुळ्यांतही एकाला जमतं, दुसऱ्याला नाही. हे मी वाचलेलं होतं. तरीही वर्षानुवर्षं हा खेळ करत आलो, कारण लोक हसतात.

"आई-बाप दोघांनाही जमत नसेल, तर लेकराला जमणारच नाही," मी माइकवर ठणकावलं आणि पहिल्या रांगेतल्या लाल फेटेवाल्याला बायको-मुलीसह वर बोलावलं. तो मेंढपाळ. त्याने जीभ काढली, सपाट. बायकोने पदराआडून काढली, सपाट. मग नववीतल्या त्यांच्या मुलीने काढली. सुबक पुंगळी.

मग मागून आवाज आला, "अर्धं वरीस मेंढरामागं भाईर असल्यावर दुसरं काय व्हनार!"

मांडव हसला. बाई हसली नाही. फेटेवाला कशाचं हसू आलं ते शोधत लोकांकडं बघत होता. मी माइक तोंडाशी नेला, तेवढ्यात मुख्याध्यापकांनी अंगावर शाल टाकली, हातात नारळ दिला, आभारप्रदर्शन सुरू झालं. मला हात वर करून थांबवता आलं असतं. मी शाल सावरत बसलो.

कार्यक्रम संपल्यावर त्या मेंढपाळाच्या वस्तीवर गेलो. बाई दाराशी भांडी घासत होती, मुलगी दावणीपाशी, नवरा खांडाकडं निघून गेलेला. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं: नियम खोटा आहे, मला ठाऊक होतं, माफ करा.

"मला कशाला सांगताव?" ती मान वर न करता म्हणाली. "मला म्हाईत न्हाय व्हय, पोरगी कुनाची हाय ते?"

"तुमच्या यजमानांना समजावतो..."

"त्येंचं म्या बघते. तुमी गावाला सांगा. माइकवर बोललाव, माइकवरच फिरवा. दारातलं बोलनं दारातच ऱ्हातंय."

"अव्वा (आई), देवळाचा भोंगा हाय की," मुलगी म्हणाली.

त्या गावात पाणी सुटल्याचं, रेशन आल्याचं, शेळी हरवल्याचं मारुतीच्या देवळावरच्या भोंग्यावरून सांगतात. भोंग्यावर आलं की ते खरं. मुख्याध्यापक म्हणाले, "सर, कशाला वाढवता? विसरतील लोक." पण मी निघताना बाईने बजावलं होतं, "आमचं नाव घिऊ नका. तुमचं घ्या."

दिवस मावळताना एका हरवलेल्या शेळीच्या पाठोपाठ माझी पाळी आली. मी नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं, आणि दुपारी जिभेबद्दल बोललो ते खोटं होतं, ते माहीत असून बोललो, आई-बापांना न येणारी गोष्ट लेकराला येऊ शकते, असं दोनदा सांगितलं. माझाच आवाज तुरीवरून फिरून परत येत होता. पायऱ्यांवरचे म्हातारे गंभीरपणे ऐकत होते.

सकाळी फाट्यावर एसटीची वाट पाहत होतो. चहावाल्याने ओळखलं.

"काल भोंग्यावर तुमीच ना सर? म्या मेळाव्याला नव्हतो. कुनाच्या पोरीचं व्हतं ओ ते?"

"माझ्या चुकीचं होतं."

"ते कळलं की. पोरगी कुनाची?"

ज्यांना काही ठाऊक नव्हतं त्या घरांतही मी तो प्रश्न पोचवला होता. मी चहाचे पैसे काढायला खिशात हात घातला. दप्तर घेऊन शाळेला निघालेली मेंढपाळाची मुलगी तेवढ्यात तिथं थांबली.

"माजं व्हतं," ती चहावाल्याला म्हणाली. "अजून काय इचारायचंय?"

त्याने किटली उचलली आणि उगीचच कपडा मारू लागला. तिने माझ्याकडं पाहिलंही नाही. रागाने पाहिलं असतं तरी बरं वाटलं असतं. चूक माझी, पण उत्तर देत फिरायचं काम तिच्या वाट्याला आलं होतं, आणि माझी एसटी आली होती.

घरी पोचेपर्यंत शालीतला माझा फोटो सगळ्यांच्या फोनवर आला होता. "कसा झाला कार्यक्रम?" बायकोने विचारलं.

"पोरं हुशार आहेत," मी म्हणालो. ते खरं होतं, आणि तेवढंच सांगून मी आणखी एकदा सुटलो.